बारा बैठकांतली चिठ्ठी

माणसाने एक तर तोंड करून बोलावं, नाहीतर पाठ करून बसावं. आमची धाकटी जाऊ त्या दिवशी सकाळपासून दोन्ही करत नव्हती. ती नुसता उजवा गाल माझ्याकडे करून बोलत होती. कापूस मागायचा तर उजव्या गालाने, कात्री द्यायची तर उजव्या गालाने. मी टेबलाच्या डावीकडे गेले की ही खिडकीकडे बघायची, मी उजवीकडे आले की हिला दाराशी काम आठवायचं. तीस वर्षं आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या आहोत, तिचा डावा गाल काही मला नवा नाही. पण आज तो मला दिसू द्यायचा नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. वर आणखी रुमाल बांधला होता, अर्धं नाक आणि ओठ झाकून, कानामागे गाठ मारून.

विचारलं तर म्हणे, दाढ दुखतेय.

दाढ दुखणारं माणूस कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे. माझ्या नवऱ्याची दुखली होती तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं आणि चार दिवस कोमट पाण्याशिवाय तोंडाला काही लावलं नव्हतं. हिने अकरा वाजता माझ्यादेखत रुमालाखालून कढत चहा प्यायला आणि हूं की चूं केलं नाही. म्हणजे दुखणं दाढेचं नव्हतं. मग कशाचं होतं? असा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की माझ्या हाताला काम सुचत नाही. याला लोक भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे. मी भोचक नसते तर आमच्या कारखान्यातल्या निम्म्या बैठका आतून पोकळच गेल्या असत्या.

कारखाना म्हणजे आमच्या घराचा खालचा मजला. खुर्च्यांच्या आणि सोफ्यांच्या बैठका, पाठीच्या उशा, असलं सगळं आम्ही भरून देतो. दोघे भाऊ, म्हणजे माझा नवरा आणि धाकटीचा, टेम्पोने माल आणतात आणि पोचवतात. भरायचं, ठोकायचं, शिवायचं ते आम्ही दोघींनी. आणि तिथे माझा एक नियम आहे. कुठल्याही नगाचं तोंड शिवण्याआधी आत एक चिठ्ठी जाते. काय भरलंय, कधी भरलंय, कोणाच्या हातचं. मी दुसरीत शाळा सोडलेली, त्यामुळे चिठ्ठीवर अक्षरं थोडी. पण भरलेल्या मालातली एक चिमूट टाचणीने त्या चिठ्ठीला टाचलेली असते. कापूस तर कापूस, काथ्या तर काथ्या, फोम तर फोमचा तुकडा. दहा वर्षांनी बैठक दबली, गोळे झाले, परत आली, की उसवणाऱ्याला लगेच कळावं आत काय आहे ते. कापूस पिंजला की उठतो. फोम पिंजायला गेलात तर भुगा होतो. पिसांना नुसती झटक आणि ऊन द्यायचं. आत काय आहे ते ठाऊक नसेल तर वरून हाणायचं नाही, ही माझी शिकवण. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला या चिठ्ठ्यांचं हसू यायचं. पुढे तिला इतकी सवय लागली की ती लोणच्याच्या बरण्यांतसुद्धा तारखेची चिठ्ठी घालायला लागली.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलाच्या बारा खुर्च्यांच्या बैठका जायच्या होत्या. गिऱ्हाईक नेमकं, चष्मेवालं, टेप स्वतःची आणणारं. माप द्यायला आला होता तेव्हा आम्हा दोघींकडे एकदा पाहून त्याने धाकटीला विचारलं होतं, थोरल्या बाई तुम्हीच ना? मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला एवढं हसू आलं की मी पंधरा दिवस येईल जाईल त्याला हे सांगत होते. धाकटीही हसायची माझ्याबरोबर. हसायची असं मला वाटत होतं. त्या बारा बैठका तिने आदल्या संध्याकाळी पुऱ्या करून, कागदात गुंडाळून, गठ्ठा बांधून ठेवल्या होत्या. पाच वाजता टेम्पो यायचा होता.

बारा वाजेपर्यंत मी दम धरला. मग मोठ्या सोफ्याची खोळ उलटवायला काढली. ते काम एकटीने होत नाही. एकीने आतली दोन टोकं धरायची आणि दुसरीने ओढायचं, चारही हात गुंतलेले. धाकटीने टोकं धरली, मान वळवूनच. मी खोळ ओढली ती जरा जास्तच जोराने ओढली. ती पुढे आली, तोल सांभाळायला तिने मान सरळ केली आणि गाठ सुटून रुमाल खाली पडला.

डाव्या नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत तिची कातडी जांभळी झाली होती. पण माराच्या वळासारखी नाही. मी वळ पाहिलेत, दारात बोट सापडल्याचे, हातोडी चुकल्याचे. ते एका जागी साकळतात. हे जाळीसारखं होतं. कोणीतरी जांभळ्या दोऱ्याने कातडीच्या आतून जाळी विणावी तसं, आणि जाळीच्या घरांत पांढरं फटक. नाकपुडीची कड तर मेणासारखी.

मी विचारलं, कोणी हात उगारला का. तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा तिला त्या अवस्थेतही हसू फुटलं. म्हणाली, ते डास मारतानासुद्धा दोनदा विचार करतात.

मी पुढे होऊन त्या जागेवर बोट दाबलं. माझ्या हाताला ती सवयच आहे, काहीही दिसलं की आधी दाबून बघायचं. बोट काढलं तर खाली पांढरा ठसा उमटला आणि तो गेलाच नाही. मग मी स्वतःच्या गालावर दाबून आरशात पाहिलं. माझा ठसा डोळा मिटून उघडेपर्यंत पुसला गेला. तिचा रेंगाळला. आणि दुसरं म्हणजे नाक गार होतं. आत्ता कढत चहा पोटात गेलेल्या बाईचं नाक गार कसं?

"भरून घेतलंय," ती म्हणाली.

"काय भरून घेतलंय?"

"रेघा. नाकापासून ओठापर्यंत जातात त्या. भरल्या की दिसत नाहीत."

खरं सांगते, मला राग यायच्या आधी नवल वाटलं. बत्तीस वर्षं मी भरायचंच काम करते आहे, आणि माणसाच्या तोंडातही भरतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारत सुटले. कशाने भरतात? जेलसारखं असतं म्हणे, पाण्याच्या जवळचं. कुठून घालतात? सुईने. मग तोंड कसं शिवतात? शिवत नाहीत, सुई बारीक असते. मग ते आत सरकत नाही का, एका कोपऱ्यात गोळा होत नाही का, आणि दबलं तर पुन्हा उसवायचं कुठून? धाकटी म्हणाली, "ताई, मला ठणका लागलाय आणि तुम्ही माल घेतल्यासारख्या चौकशा करताय."

मग जरा नीट विचारलं. काल दुपारी भरलं. उजवी बाजू सुरळीत झाली. डाव्या बाजूला सुई गेली तेव्हा एकदम जोराची कळ आली आणि कातडी पांढरी पडली. करणारीने बर्फ लावला आणि म्हणाली सूज आहे, उद्यापर्यंत उतरेल. उद्या म्हणजे आज. कोण करणारी? पार्लरातली. कुठल्या पार्लरातली? यावर धाकटी पुन्हा खिडकीकडे बघायला लागली.

माझा तळवा तिच्या गालाकडे निघाला होता. गोळा झालेली बैठक आम्ही अशीच तळव्याने मळतो, कडेकडून मध्याकडे, आणि ती मऊ होते. पण हात मध्येच थांबला. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी तिला म्हटलं, चप्पल घाल.

कातडीच्या डॉक्टरीणबाई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, चष्म्याच्या दुकानावर बसतात. त्यांच्याकडचं गोल फिरतं स्टूल आमच्याच हातचं आहे. बाई लहानखुऱ्या, आवाज त्याहून लहान. धाकटीला पाहून त्या रागावल्या नाहीत, अरेरे म्हणाल्या नाहीत. आधी डोळ्यांचं विचारलं. अंधुक दिसतंय का, डोळा दुखतोय का, एकाची दोन दिसतायत का. धाकटी नाही नाही म्हणत गेली. मला राहवलं नाही. भरलंय नाकाशी आणि डोळ्याचं काय विचारता, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, या भागातल्या रक्ताच्या नळ्या वर डोळ्यापर्यंत जोडलेल्या असतात. भरलेला माल चुकून नळीत शिरला आणि उलटा वर गेला तर माणसाची नजर जाते. ते झालेलं नाही, एवढं नशीब.

मग त्यांनी माझ्यासारखंच बोट दाबलं, पण घड्याळ बघत. एक, दोन, तीन करत पाचपर्यंत गेल्या तेव्हा कुठे पांढऱ्याचा रंग जरा बदलला. दोनच्या आत यायला हवा होता. त्यांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. तिच्यात माल शिरलाय किंवा बाहेरून तिच्यावर दाब आलाय, त्यामुळे पुढच्या कातडीला रक्त पोचत नाही. कातडी उपाशी आहे. बर्फाने नळ्या आणखी आकसल्या. अशीच आणखी राहिली तर नाकपुडीची ही कड काळी पडेल आणि झडेल.

धाकटीने खुर्चीचा हात घट्ट धरला. मीही धरला, दुसऱ्या बाजूचा.

"काय भरलंय?" बाईंनी विचारलं.

धाकटी म्हणाली, माहीत नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. एका जातीचा माल असतो, तो दुसऱ्या एका औषधाची सुई दिली की विरघळतो. दुसऱ्या जातीचा असतो चुनखडीसारखा, त्याच्यावर ते औषध चालत नाही. त्या म्हणाल्या, मी कळायची वाट बघत बसत नाही, विरघळवायचं औषध आत्ताच देते. आणि दिलंही, चार पाच ठिकाणी. कोमट फडका ठेवला, कसं चोळायचं ते दाखवलं, एक गोळी दिली. पण माझ्याकडे हे औषध थोडंच आहे, म्हणाल्या. एका तासात रंग फिरला नाही तर मला ठरवावं लागेल, आणखी मागवून इथेच द्यायचं की हिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. काय भरलंय ते कळलं तर चुकणार नाही. खोक्यात लेबल असतं, ते पेशंटकडे देतात. कोणी दिलं होतं का?

"म्हणजे चिठ्ठी," मी म्हणाले.

"चिठ्ठीच," त्या म्हणाल्या.

मला ती बाई तेव्हापासून आवडते.

तासभर मी फडके बदलले आणि धाकटीला तीनदा विचारलं. कोणाकडे गेली होतीस? तिन्ही वेळा तिने मान फिरवली. तासाने बाईंनी पुन्हा बोट दाबलं. पुन्हा पाच. त्या म्हणाल्या, डोस कमी पडला असेल, नाहीतर माल त्या जातीचा नसेल, मी फोन करून बघते कोणाकडे औषध शिल्लक आहे. आणि आतल्या खोलीत गेल्या.

तेव्हा धाकटी बोलली. मान खाली घालून, पण पहिल्यांदा दोन्ही गाल माझ्याकडे करून.

करणारी आमची मुंगीच होती. मुंगी म्हणजे धाकटीची एकुलती एक लेक. लहानपणी कारखान्यात जमिनीवर सांडलेला कापूस कणाकणाने उचलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवायची म्हणून मीच तिला मुंगी म्हणायला लागले. आता ती एका पार्लरात केस कापते, चेहऱ्याला लेप लावते. दोन दिवसांचा कसलासा वर्ग करून आली, भिंतीवर चौकटीत कागद लावला. पार्लरवाली म्हणाली, एक चेहरा आधीचा आणि नंतरचा दाखव, मग तुला या कामाला बसवते. चेहरा आईने दिला.

"लेकीसाठी दिलास," मी म्हणाले.

"लेकीसाठीही," धाकटी म्हणाली. "आणि त्या चष्मेवाल्याचं तुम्ही पंधरा दिवस सांगत होता, त्यासाठीही."

मी फडका पिळत बसले.

मग चिठ्ठीचं विचारलं. होती. मुंगीने खोकं कचऱ्यात टाकलं, लेबल टेबलावर पडलं होतं, धाकटीने सवयीने उचलून खिशात घातलं. घरी येऊन वाचलं तर त्यावर लिहिलेलं, फक्त डॉक्टरांनी वापरण्यासाठी. तिला धडकी भरली. गाल बिघडलेला आणि वर हे. कोणाच्या हाती लागलं तर मुंगीचं काम जाईल, नाव जाईल. मुंगीलासुद्धा सांगितलं नाही, सकाळी फोनवर तिला बरं आहे म्हणून टाकलं.

"मग फेकून द्यायचंस."

"चिठ्ठी कशी फेकू, ताई? हातच होईना."

"कुठे आहे?"

"बैठकीत."

"कुठल्या?"

"त्या बारांतल्या एका. तुम्ही कचऱ्याची टोपलीसुद्धा उलटी करून बघता. शिवून पास केलेली बैठक तेवढी उघडत नाही. एक उसवली, आत घातली, परत शिवली. मग गठ्ठा बांधताना वरखाली झाल्या. आता कितवी ते आठवत नाही."

मला तिचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याच्या बरोबरीने मनात आलं की लपवण्याची जागा बाईने मोठी अक्कल लढवून शोधली. मुंगीला फोन केला, उचलला नाही. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, चिठ्ठी घेऊन येते, हिला कुठेही पाठवू नका. अडीच वाजले होते. टेम्पो पाचला.

घरी येऊन गठ्ठा सोडला. बारा बैठका टेबलावर ओळीने मांडल्या, एका रंगाच्या, एका मापाच्या. दाबून कळणार नव्हतं, आत फोमवर कापसाचा थर, त्यात कागद बोटाला लागत नाही. सगळ्या उसवायच्या तर तोंडाचे टाके आडवे उभे दुहेरी, एकेकीला पंधरा वीस मिनिटं. मी चष्मा लावला आणि टाके वाचायला बसले. अक्षरं मला नीट वाचता येत नाहीत, पण धाकटीचे टाके येतात. ती खुशीत असली की टाका जरा लांब पडतो. चिडली असली की ओढून घेते, कापडाला चुण्या पडतात. तिसरीचा एक टाका वाकडा होता. मला वाटलं, घाबरलेला हात, हीच. उसवली. आत आमची नेहमीची चिठ्ठी, कापसाची चिमूट, फोमचा तुकडा. दुसरं काही नाही.

मग मी थांबले आणि जरा डोकं चालवलं. घाबरलेलं माणूस वाकडं शिवतं हे खरं. पण धाकटी नुसती घाबरली नव्हती, लपवत होती. लपवणारी बाई नेहमीपेक्षा नीट वागते. सकाळपासून तिने कात्रीसुद्धा मुठीची बाजू माझ्याकडे करून दिली होती, जे ती एरवी कधी करत नाही. मी सगळ्यात देखणे टाके शोधायला लागले. नववी. टाके इतके सारखे की जणू मशीनने मारलेले. तीस वर्षांत तिने मला इतकं सुंदर शिवून दाखवलं नव्हतं. माझ्याच हातांनी ते उसवताना जिवावर आलं.

आत आमची चिठ्ठी होती, आणि नमुन्याची चिमूट जिथे टाचतात तिथे, त्याच टाचणीने, ते चकचकीत लेबल टाचलेलं. लपवतानासुद्धा बाईने जागा चुकवली नव्हती.

टाचणीसकट घेऊन मी निघाले. या वयात मी धावत नाही. त्या दिवशी धावले, आणि चष्म्याच्या दुकानाचा जिनाही दोन दोन पायऱ्यांनी चढले. डॉक्टरीणबाईंनी लेबल उजेडात धरलं, बारीक अक्षरं वाचली, आणि म्हणाल्या, "विरघळणारं आहे. मोठा डोस देते." दुसऱ्या दवाखान्यातून औषध येऊन पोचलंच होतं. या खेपेला त्यांनी भरपूर सुया दिल्या, नळी जाते त्या सगळ्या वाटेने, मग चोळलं, कोमट फडका ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच केलं. मी बाजूला बसून बघत होते. सहाच्या सुमाराला बाईंनी बोट दाबलं, चार मोजले. पुढच्या वेळी तीन. मी म्हटलं, मी दाबून बघू का? त्या म्हणाल्या, हात धुऊन या. मी हात धुतले, दाबलं, आणि बोट उचललं तर त्या पांढऱ्या ठशात कडेकडून गुलाबी रंग आत शिरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. दोन. नाकपुडीही जरा कोमट लागली.

तेवढ्यात मुंगी आली, पार्लरचा गुलाबी एप्रन अंगावर तसाच. कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो म्हणे, सुटल्यावर पाहिला आणि मला उलटा फोन करून पत्ता विचारला होता. आईचं तोंड बघून ती दारातच खिळली. धाकटी लगेच तिला सांगायला लागली की काही नाही गं, बरं आहे आता, तू घरी जा. मी म्हटलं, ती कुठे जात नाही. मुंगीला हात धुवायला लावले आणि तिच्या आईच्या नाकाशी तिचं बोट नेऊन म्हटलं, दाब आणि मोज. तिने मोजलं. मग मी सांगितलं की दुपारी इथे पाच होते. काल बर्फ का लावलास विचारलं, तर वर्गात सुजेला बर्फ सांगितला होता. पांढरं पडलं तर काय करायचं? ते सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत किती सांगणार.

"आणखी कोणाकोणाला भरलंस?" मी विचारलं.

धाकटी म्हणाली, जाऊ दे ना ताई, ती आधीच घाबरलीय. पण मुंगी खोटं बोलणारी नाही. चौघींना, म्हणाली. सरावाच्या म्हणून. त्यांच्या चिठ्ठ्या? नाहीत. खोकी कचऱ्यात गेली. आता त्या चौघी कुठे असतील, कशा असतील, कोणी रुमाल बांधून बसली असेल, मला काही सुचेना. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला जवळ बसवलं आणि काय काय विचारायचं ते सांगितलं. मुंगीने तिथेच बसून चौघींना फोन केले. तिघी ठीक होत्या. चौथीच्या डोळ्याखाली तीन आठवड्यांपासून वाटाण्याएवढी गाठ होती. तिला वाटत होतं, असंच असतं. दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे आली. तिचीही विरघळली.

पार्लरवालीला मुंगीने आपण होऊन सांगितलं. भिंतीवरची चौकट काढली. आता ती केस तेवढे कापते, आणि कापते छान.

टेम्पो पाचला आला तेव्हा टेबलावर दोन उसवलेल्या बैठका आणि सुटलेला गठ्ठा, घरात कोणी नाही. दोघा भावांना वाटलं चोरी झाली. तो वेगळा तमाशा.

आठवडाभर धाकटीच्या नाकाशी बारीक पुळ्या आल्या, मग खपली धरली. ती पडली तेव्हा खाली मसुरीएवढी खळी राहिली, नाकपुडीच्या कडेला. बाई म्हणाल्या, आणखी एक दिवस काढला असता तर कडच राहिली नसती. खळी आहे तर आहे. पण धाकटीने रुमाल सोडला नाही. दुखत नव्हतं, सुजत नव्हतं, तरी सकाळी कारखान्यात उतरताना गाठ मारूनच उतरायची, आणि पुन्हा तोच उजवा गाल.

आणि काल चष्मेवाला आला. बैठका पोचल्या त्याबद्दल सांगायला, आणि एक तक्रार घेऊन. म्हणे अकरा चांगल्या आहेत पण एकीचा टाका जरा वेगळा वाटतो. तिसरी धाकटीनेच परत शिवली होती, नववी मी. धाकटीसारखं मला जमलं नव्हतं, हे आलंच. मी म्हटलं, तो माझ्या हातचा आहे, मी थोरली. ही धाकटी. अकरा तिच्या हातच्या. तुम्ही मागच्या खेपेला उलटं समजला होता. त्याने चष्मा वर करून आम्हा दोघींकडे पाहिलं, अच्छा अच्छा म्हणाला आणि टेप गुंडाळत निघून गेला.

तो गेल्यावर मी सोफ्याची खोळ टेबलावर टाकली. धाकटी टोक धरायला आली, मान वळवून. मी खोळ ओढली नाही.

"रुमाल सोड आधी," मी म्हणाले. "आता ऐक, पुन्हा सांगणार नाही. गाल तुझा आहे, उद्या परत भरून घ्यायचा असेल तर भरून घे, पण शिकलेल्या डॉक्टरकडून घे आणि चिठ्ठी हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. तू चुकलीस ती तिथे नाही. लेकीचं नाव राखायला तू त्या चौघींना विसरलीस, आणि लेकीलासुद्धा कळू दिलं नाहीस की तिच्या हातून काय झालंय. ते मी तुला माफ केलेलं नाही. आणि त्या रेघांवरून मी पंधरा दिवस दात काढले, ते तू मला माफ करू नकोस. पुन्हा कधी माझं तोंड सुटलं तर ही खळी दाखवायची. म्हणून ती झाकायची नाही. धर आता टोक, आणि माझ्याकडे बघून धर."